अक्काची न दुखणारी गाठ

दाजींचा फोन आला तेव्हा मी दौंडच्या बाजारात भाजी घेत होते. "ये गं लवकर," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. एसटीनं न्हावऱ्याला पोचले, तोवर माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, अंगणात आणून ठेवलं होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती हो तिनं... महिना उलटून गेला, तरी माझा संताप जात नाही. कुणावर करायचा तेही कळत नाही.

अक्काचा गोठा म्हणजे अक्काचं राज्य. गाईच्या कासेला हात लावला की तिला सगळं कळायचं. एखादा सड गरम लागला, गाईनं पाय झाडला, की ती ओरडायची, "दगडी हाय, डाक्टरला फोन लावा!" दगडी म्हणजे कासेची सूज, कास तापते, टणक होते, गाय हात लावू देत नाही. त्यात अक्कानं कधी संध्याकाळ होऊ दिली नाही. शेजारपाजारच्या बायकाही आधी तिलाच बोलवायच्या.

त्याच शहाणपणानं तिचा घात केला. दिवाळीला माहेरी आलो असताना अभ्यंगाच्या वेळी तिनं माझा हात धरून स्वतःच्या छातीवर ठेवला. आत सुपारीएवढं, कडक काहीतरी लागलं. मी घाबरले.

"अक्का, हे कवापासनं?"

"हाय आपलं. गरम न्हाई, दुखत न्हाई. दगडी झाली की गाय लाथ मारती. मला तर काय बी व्हत न्हाई."

"शिरूरला दाखवून येऊ की."

"आन् धारा कोण काढंल? तू?" आणि वर हसली.

मी फोनवर भांडले, रडले, शपथा घातल्या. तिचं एकच, दुखत न्हाई. हळद-तेल चोळत राहिली. कातडीला खळी पडली, स्तनाचं बोंड आत ओढलं गेलं, काखेतही गाठ आली. दुखलं ते शेवटी कंबरेत, आणि तेही धारा काढून दुखतंय असंच तिला वाटलं. उठवेना तेव्हा कुठे शिरूरला नेली.

तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "छातीतल्या बऱ्याच गाठी साध्या असतात. पण साधी कुठली ते आपल्या हातानं ठरवायचं नसतं, तपासूनच घ्यायचं. दुखत नसली तरी लगेच यायचं."

"आमच्या गोठ्यात उलटं असतंय वो, बाई," अक्का म्हणाली. डॉक्टरबाईंनी पुण्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली.

मग पुण्याच्या फेऱ्या, केमो, गळालेले केस. कॅन्सर हाडात उतरला होता. शेवटी शेवटी माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "एकदा तरी दुखायचं व्हतं गं त्या गाठीनं..." बायांनो, पाया पडते तुमच्या, दुखायची वाट बघू नका.

परवा न्हावऱ्याला गेले. गाय दाजींना पान्हा सोडत नव्हती. ते घरात गेले आणि एक जुना शर्ट घालून आले. त्यांचाच, पण गोठ्यात काम करताना अक्का साडीवर तो घालायची. गाईनं बाही हुंगली, अंग सैल सोडलं. बादलीत धार वाजू लागली. दाजींनी मान वर केली नाही.

"सुनंला सांगितलंय, ह्यो धुवायचा न्हाई," ते म्हणाले. "पन वास किती दिस ऱ्हाईल गं?"