उकळलेली बाटली

मधली भिंत नुसत्या फळ्यांची, त्यामुळे त्या नवराबायकोचं भांडण पलीकडे शब्दन् शब्द ऐकू आलं.

"ही बाटली तू कचेरीत नेलीस, की माझं काम गेलंच समज," तो म्हणाला.

"तुम्हाला दुसरं काम मिळेल," ती म्हणाली. "धाकटी कुठून मिळणार?"

मग बराच वेळ फक्त भांडी आपटल्याचा आवाज. त्या घरात भांडी बोलायला लागली, की माणसं गप्प झाली असं समजायचं.

तो कारखान्यात फिटर, ती तिथंच सूत गुंडाळायला. कारखान्यानं ओळीनं खोल्या बांधल्या, माणसं कोंबली आणि दीडशे घरांना एक हातपंप दिला, तोही संडासाच्या नाल्याला खेटून. घरोघरी पोरांची पोटं बिघडलेली. यांची धाकटी लेक त्यातच गेली. शेवटी कामगार बायकांनी मंडळ काढलं, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या पुढारी. मागणी एकच, शहराचा नळ गल्लीत आणा. पाणीखात्याची कचेरी म्हणाली, पंपाचं पाणी वाईट आहे हे आधी दाखवा. बाटली भरून न्यायचं काम हिच्याकडे आलं, कारण हिच्या हातून कधी थेंब सांडत नसे.

पंधरा दिवसांनी निकाल आला. पाणी उत्तम. मॅनेजरनं तो कागद फाटकावरच डकवला. बायकांनी हातपाय गाळले. डॉक्टरीणबाईंनी हिला समोर बसवून विचारलं, पाणी घेतलंस तरी कसं?

हिनं सरळ सांगितलं. बाटली राखेनं घासली, पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं, खळखळून उकळी आणली आणि निवल्यावर भरलं.

"साहेबांच्या टेबलावर जायचं होतं ना बाई. घाण कशी पाठवायची?"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. ती नाही हसली. सरपण पुरत नाही म्हणून लेकीला कधी पाणी उकळून पाजलं नव्हतं, आणि न पाहिलेल्या साहेबासाठी दुसऱ्या दिवशीचं सरपणही जाळलं होतं. हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात निर्जंतुक करून बुचासकट बाटली दिली. धुवायची नाही, पुसायची नाही, आत बोट घालायचं नाही. पंपाशी गेल्यावर मात्र हिचे हात चालेनात. तेवढ्यात नवरा कामावर जाता जाता थांबला. फाटकातून मॅनेजर बघत होता. यानं डबा खाली ठेवला आणि स्वतः पंप हापसला.

"आहे तशी घाण ने," एवढंच म्हणाला.

या खेपेला निकाल खरा आला. त्याचं काम गेलं. हिला हात लावायची मात्र कुणाची छाती झाली नाही, मागे दोनशे बायका होत्या. आठ महिने घर हिच्या पगारावर चाललं. तो स्वयंपाक करायचा, मीठ विसरायचा, आणि वर तिलाच विचारायचा, आज चव कशी वेगळी लागतेय? पुढे त्याला दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं.

दीड वर्षानं नळ आला. त्याचंही पाणी दर आठवड्याला तपासायचं असं मंडळानं कचेरीकडून लिहून घेतलं, आणि बाटली हिच्याचकडे राहिली. सव्वीस वर्षं. गल्लीतल्या नव्या सुनांना तर तिचं दुसरं नावच माहीत नव्हतं, ती बाटलीकाकू.

जो तिचा शेवटचा ठरला, त्या सोमवारीही ती गुडघे धरत कचेरीचे अकरा जिने... नव्हे, अकरा पायऱ्या चढली. तिला मात्र ते जिनेच वाटायचे. खिडकीत बाटली ठेवली.

"उकळलेलं नाही हो," ती म्हणाली.

"माहितीये काकू," कारकून मान वर न करता म्हणाला आणि चिठ्ठी चिकटवली.

त्यानं दिलेली पुढच्या सोमवारची रिकामी बाटली तिनं पिशवीत आडवी ठेवली, बूच घट्ट आहे ना ते पाहिलं, आणि पायऱ्या उतरायला लागली.