सात नंबरचं मडकं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. मुलीजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही — तिथेही आडवळणानेच गेलो.

मी पोपटीचा परीक्षक आहे. हसू नका. आमच्या मुरुडच्या बाजूला थंडी पडली की शेतात मडकी लागतात — भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, सगळं ठासून भरायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती आग. हल्ली त्याच्या स्पर्धा होतात. तिथे मला मानाने खुर्ची मिळते, गळ्यात हार पडतो. एसटीत कंडक्टर होतो, तोंड गोड, त्यामुळे अर्धा तालुका ओळखतो. माझ्या पोपटीची कीर्ती मीच तिकिटांबरोबर फाडत होतो म्हणा ना!

माझी पोपटी? मडकं भरायची माझी बायको, सुमन. मागच्या पडवीत बसून, एकटी. ओवा आधी तव्यावर जरासा परतायची, तळहातावर चुरायची, मग मिठाबरोबर शेंगांना चोळायची. भरलेलं मडकं मी शेतात न्यायचो आणि पेटवायचो. पालापाचोळा पेटवायला काय अक्कल लागते? दोस्तमंडळी बोटं चाटत म्हणायची, तुझ्या हाताला चव आहे. मी नुसता हसायचो. कधी नाही म्हटलं नाही — वीस वर्षं.

म्हणून तर मला परीक्षक केलं.

त्या पहिल्याच वर्षी बायकांच्या बचत गटानेही भाग घेतला. मडक्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर. सुमन त्या बायकांत आहे हे मला ठाऊक होतं, पण तिने मडकं भरलंय हे तिने सांगितलं नव्हतं. मला चकित करायचं असेल. का नसावं? तिनेही कधीतरी चारचौघांत बक्षीस घ्यावं की नाही?

सात नंबरच्या मडक्यातली एक शेंग मी सोलून तोंडात टाकली आणि ओळखलं. चव माझ्या घरची होती. कशातच खोट नव्हती. इतकी चांगली पोपटी मी त्या दिवशीच काय, नंतरही कुठे खाल्ली नाही.

आणि मी घाबरलो. ती जिंकली तर माइकवर बोलावतील, कसं भरलं विचारतील, ती भोळेपणाने सगळं सांगेल — मग माझं काय राहणार? बाकीच्या दोघा परीक्षकांनी दहापैकी नऊ-नऊ दिले. मी तीन दिले. वर माइक हातात घेऊन सांगितलं, "सात नंबरवाल्यांचं मीठ हुकलंय." लोक हसले. बायकांच्या घोळक्यात तीही हसली, जरा उशिरा.

घरी येताना स्कूटरवर मागून तिने विचारलं, "काय कमी पडलं ओ माझ्या मडक्यात? खरं सांगा."

"मीठ," मी म्हटलं. तेव्हा खरं बोललो असतो तर? रस्त्यावर आम्ही दोघंच तर होतो.

त्यानंतर तिने मडकं भरलं नाही. पण ते सोडा. ती रोजची आमटीसुद्धा माझ्यापुढे धरायला लागली — "मीठ बघा ना जरा." तीस वर्षं अंदाजाने मीठ टाकणारी बाई! आणि मी चमचा तोंडाला लावून, विचार केल्यासारखं करून सांगायचो, "ठीक आहे." मला ते आवडायला लागलं होतं. हेही सांगून टाकतो.

ती जाऊन दोन वर्षं झाली. आता मी एकटाच शिजवतो, एकटाच जेवतो. स्पर्धेच्या दिवशी तेवढी माणसं भेटतात, म्हणून परीक्षकपण सोडवत नाही. यंदाही गेलो होतो. हार घातला त्यांनी.

तिच्या शेवटच्या आजारपणात मुलगी तिच्या उशाशी वही घेऊन बसली होती. म्हणाली, "आई, पोपटीचं मडकं कसं भरतात ते एकदा नीट सांग ना."

सुमनने मान हलवली. "मला नको विचारू गो. मला मिठाचा अंदाज न्हाय. तुझ्या बाबांना विचार, त्यांना कळतं."

मुलीने वही घेऊन माझ्याकडे पाहिलं. मी दोन हातांच्या अंतरावर, खुर्चीत बसलो होतो. आणि मी सांगायला लागलो — शेंगा किती, ओवा किती, मीठ किती. सुमन डोळे मिटून ऐकत होती.