धबधब्यापाशी आलेला मुऱ्हाळी

भुताखेतांच्या गोष्टी कोणी सुरू केल्या की मी सरळ उठते आणि चहा टाकायला जाते. जळगावच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. पाइप मापात बसला तर पास, नाही तर बाजूला — मधलं काही मला पटत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण पोटात ठेवायलाही जमेना. वाचा, आणि खुशाल येड्यात काढा.

माझं माहेर धुळ्याजवळचं सोनगीर, सासर एरंडोल. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. पण आपलं आपण उठून नाही जायचं. माहेरचा माणूस घ्यायला यावा लागतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माझा मुऱ्हाळी म्हणजे माझा धाकटा भाऊ गोटू. सुरतला कापडाच्या मिलमध्ये कामाला होता, पण आखाजी आली की फटफटी घेऊन एरंडोलला हजर! माझ्या सासूच्या हातचा चहा प्यायचा आणि वर तोंड करून सांगायचा, "साखर कमी शे." आगाऊ नुसता.

चार वर्षांपूर्वी आखाजीच्या आदल्या दिवशी त्याचा सुरतहून फोन आला. "अक्का, निंघनू मी. पिशवी भरी ठेव." मी पिशवी भरून बसले. तो आलाच नाही. फोन बंद. पोलीस झाले, दवाखाने झाले, सगळा रस्ता पालथा घातला. ना तो सापडला, ना त्याची फटफटी.

आता खरी अडचण सांगते. आखाजीलाच आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून पुजतात. उन्हातान्हात त्यांचा जीव तहानेला राहू नये म्हणून. पण ज्याच्या नावानं घागर भरली तो गेला, हे घरानं कबूल केलं असं होतं. माझे काका, नाना, दरवर्षी आईला विनवायचे, "वहिनी, पोरगं तहानलेलं असेल. भरून टाका घागर." की आई भडकलीच!

"मना पोऱ्या जित्ता शे! जित्ता माणूसनी घागर भरतस का कोनी?"

मी आईच्याच बाजूची होते. नानांशी दोन वर्षं धड बोलले नाही मी.

यंदा कंपनीनं आम्हा दोघींना नव्या मशीनच्या ट्रेनिंगला स्वित्झर्लंडला पाठवलं. मी आणि भुसावळची वैशाली. इकडे ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि तिकडे आम्ही स्वेटर घालून कुडकुडत होतो. आखाजी नेमकी सुट्टीच्या दिवशी आली. आदल्या संध्याकाळी आईला फोन केला तर तिचं तेच — नाना आले होते, भांडून गेले, घागर भरणार नाही. मला रडू यायला लागलं. वैशाली म्हणाली, "खोलीत बसून रडशील त्यापेक्षा चल, धबधबा बघू." म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही राइन नदीच्या धबधब्याला गेलो.

काय सांगू... आपल्याकडे मनुदेवीचा धबधबा बघायला आम्ही पावसाळाभर वाट बघायचो. इथे अख्खी नदीच कोसळत होती! खाली पायऱ्या उतरून अगदी पाण्याच्या अंगाला जाता येतं. आम्ही बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, नळावर बाटली भरून घेतली आणि खाली उतरलो. वैशाली फोटो काढत पुढे गेली. मी कठड्याला टेकून उभी होते. आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

आणि मागून अगदी स्वच्छ ऐकू आलं.

"अक्का, तीस लागनी वं."

मी वळले. गोटू उभा होता. भिंतीला पाठ लावून, भर उन्हातनं आल्यासारखा. तहानेनं ओठ फुटलेले, केसांत धूळ. आजूबाजूचे सगळे तुषारांनी ओले झालेले आणि हा तेवढा कोरडा ठणठणीत. खरं सांगते, मला भीती वाटली नाही. बाई गं, इतका आनंद झाला! पहिला विचार हाच आला, की आला मला घ्यायला. "कुठे मेला होतास रे?" असं मी म्हणालेसुद्धा. आपण नेहमी म्हणतो तसं. त्यानं ओंजळ पुढे केली.

मी बाटली उघडून ओतायला लागले. तो खाली वाकून पीत होता, लहानपणी हातपंपावर प्यायचा तसा. मी ओततेय, तो पितोय... बाटली संपली.

"अगं, पाणी का सांडतेस?" वैशालीनं माझा दंड धरला. मी तिच्याकडे पाहिलं, परत वळले, तर तिथे नुसती भिंत. ओतलेलं पाणी खाली पायरीवर सांडलं होतं का, ते बघायचंही सुचलं नाही. मी तिथेच पायरीवर बसून हंबरडा फोडला. चार वर्षं मी त्याला जिवंत धरून होते. त्या क्षणी मला कळलं की तो नाही. कोणी न सांगता कळलं.

वैशालीनं वर आणून बसवलं. माझ्या डोक्यात एकच — आईला सांगायचं कसं? ठरवलं, सांगायचंच नाही. राहू दे तिचा पोरगा जिवंत. तेवढ्यात फोन वाजला. आईच.

"बाई," ती म्हणाली. आवाज बसलेला. "घागर भरी मी आज."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"दारमा उभा व्हता. पानी मांगं त्यानी. म्हने, अक्कानाकडे जाई उनू."

म्हणजे माझ्याकडे येऊन मग तो तिच्याकडे गेला होता. ती इतकी रडली, इतकी रडली, की नाना फोन घ्यायला आले तरी तिनं दिला नाही. आणि थोड्या वेळानं हळूच विचारलं, "तुनाकडे पोटभर पिना का वं तो?"

"हो माय," मी म्हणाले. "पोटभर प्यायला."

मी काही तिला आधी सांगितलं नव्हतं, वैशालीनंही नाही. तिला कसं कळलं, मला कसं दिसलं, एकाच दिवशी दोघींना का — मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला उत्तर सापडलं तरी माझं काही हलकं होणार नाही. कारण मी आईशी खोटं बोलले. बाटली संपली तेव्हाही त्याची ओंजळ पुढेच होती.