चालेलकाकांचा नकार

चालेलकाकांचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. कपडे दुरुस्तीच्या दुकानात खिडकीजवळच्या मशीनवर बसणारा हा सडपातळ माणूस, कुणी काही म्हटलं की एकच उत्तर द्यायचा. "पँट उद्याच हवी." "चालेल." "काल आखूड केलीत ना, आता परत लांब करा." "चालेल." कापलेलं कापड लांब कसं करायचं, ही चिंता काका गिऱ्हाईक गेल्यावर करायचे. आणि कुठून तरी जुळता तुकडा शोधून ते करूनही द्यायचे!

अशा नवऱ्याचा फायदा काकूंनी घेतला नसता तरच नवल. घर कुठलं, पडदे कसले, लेकीची शाळा कोणती, सगळं त्यांनीच ठरवलं. परक्या देशात येण्याचा बेतसुद्धा त्यांचाच. शेजारणी म्हणायच्या, असा नवरा मिळायला नशीब लागतं. काकू म्हणायच्या, "भिंतीशी संसार करून बघा, मग बोला."

पुढे दुकानाचा मालक बदलला आणि जुन्या मालकाच्या नावावरचा काकांचा कामाचा परवाना रद्द झाला. काका एकटेच परवान्यांच्या कचेरीत गेले. खिडकीमागच्या अधिकाऱ्याने भराभर काहीबाही विचारलं. तिथली भाषा काकांना कापडापुरती यायची. पण समोरचा इतका अगत्याने विचारतोय, तर नाही कसं म्हणायचं? त्यांनी मान डोलावली, सही केली आणि निवांत घरी आले. थोड्याच दिवसांत देश सोडण्याचा हुकूम हातात पडला. मला अपील करायचं नाही, मी आपणहून परत जातो, अशा मजकुराखाली त्यांनी सही करून ठेवली होती.

काकूंनी घर डोक्यावर घेतलं. मग रडल्या. मग दंडाला धरून काकांना मोफत कायदेमदत केंद्रात घेऊन गेल्या.

"हुकूम आला म्हणजे उद्याच विमानात बसवतील असं नाही," तिथल्या वकीलबाई म्हणाल्या. "आधी स्थगिती मागू. दुभाषी न देता सही घेतली, म्हणून प्रकरण पुन्हा उघडायचा अर्ज करू. लेक इथली नागरिक आहे, तेव्हा कुटुंबासाठी राहू द्या असंही मागता येईल."

"आणि काहीच जमलं नाही तर?" काकूंनी विचारलं.

"तर आपणहून गेलेलं बरं. जबरदस्तीने पाठवलं, की परत येणं फार अवघड होतं. पण ते अगदी शेवटी. सरकारी वकील मात्र पहिल्यांदा तेच पुढे करतील. तेव्हा काका, कृपा करून चालेल म्हणू नका."

"चालेल," काका म्हणाले.

मग काकूंनी घरातच शिकवणी सुरू केली. "चहा?" "नाही." "पांघरूण?" "नाही." बिचारे बिनचहाचे राहिले, थंडीने कुडकुडले, पण शिकले.

सुनावणीत सरकारी वकिलांनी विचारलं, "आपणहून जाता का?" दुभाषी बाईंनी ते मराठीत सांगितलं.

"नाही." काकूंचा ऊर भरून आला.

न्यायाधीश म्हणाले, "अर्जाचा निकाल लागेपर्यंत हुकूम थांबवावा म्हणतो. मात्र दर महिन्याला हजेरी द्यावी लागेल. मान्य?"

"नाही!" काकांनी ठणकावलं.

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. हातातोंडाशी आलेलं घालवलं या माणसाने!

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग तुम्हाला हवंय तरी काय?"

काकांनी सवयीने काकूंकडे पाहिलं. पण इथे काकूंना बोलायची परवानगी नव्हती.

"मला माझ्या घरात राहायचंय," काका हळूच म्हणाले. "लेक मोठ्याने वाचत अभ्यास करते. मला त्यातलं निम्मं कळत नाही, पण ऐकत बसायचंय. आणि हिने माझ्याशीच भांडावं, दुसरं काही नको. हजेरीला रोज बोलवा, येईन."

स्थगिती मिळाली. पुढची लढाई अजून बाकी होती.

बाहेर पायऱ्यांवर काकू थांबल्या. "एवढं मनात होतं, तर इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही."

त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच काकूंना ते फार लागलं. बसथांब्यावर त्या काकांकडे वळल्या.

"आज जेवायला काय करू?"

काका विचारात पडले. बस आली आणि गेलीसुद्धा. काकूंनी अजिबात घाई केली नाही.