मतदान केंद्राच्या दारात

परवा पोस्टाने पोलिंग कार्ड आलं आणि इथली, ब्रिटनमधल्या कार्डिफची, ती दुपार आठवली. लंच ब्रेकमध्ये मी मत द्यायला निघाले, तेव्हा आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डमधली नर्स, माझी मैत्रीण, सहज सोबत आली. ती मूळची म्यानमारची. चर्चच्या हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास होता. टेबलामागच्या आजींनी यादीत माझ्या नावावर रेघ मारली आणि पाच मिनिटांत मी बाहेर आले. मैत्रीण दारातच थिजली होती. "इथे एकही बंदूकवाला नाही," ती म्हणाली. परतताना तिने पहिल्यांदाच सांगितलं, की तिचे वडील शाळामास्तर, निवडणुकीत जिंकले, पण शपथ घेण्याआधीच लष्कराने सत्ता बळकावली आणि त्यांना उचललं. आता तिचा पासपोर्ट संपत आला होता. "वकिलातीत लष्कराचीच माणसं. गेले तर आईचा पत्ता मागतील आणि तिलाही उचलतील, नाही गेले तर मी इथेच अडकले." "मी येते तुझ्याबरोबर," मी म्हटलं. "तू आलीस तरी पत्ता आईचाच लिहावा लागेल ना?" ती गेली नाही. पुढे तिला इथे आश्रय मिळाला, पण घरचा रस्ता बंद झाला. वडील तुरुंगात वारल्याचं तिला तीन आठवड्यांनी कळलं. त्या दिवशी तिने शिफ्ट पूर्ण केली, आणि मी शेजारच्या खाटेची चादर बदलत गप्प राहिले. बोलले तर ती कोसळेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. आज कळतं, की घाबरले होते ती मीच.