आमेनच्या आधी

शेवगावहून फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. रत्नामावशीची शेजारीण बोलत होती. बाईंनी सकाळी चहा घेतला, कपात बिस्कीट बुडवलं आणि ते तोंडापर्यंत न्यायच्या आत मान टाकली, एवढंच तिनं सांगितलं. खरं सांगते, मला रडू यायच्या आधी हसू आलं. मावशीनं आयुष्यात एकही काम अर्धवट सोडलं नव्हतं, शेवटी ते बिस्कीट तेवढं राहिलं... मग गॅस बंद करून माझ्या धाकट्या भावाला, विलासला, फोन लावला. तिकडून नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. आमची आई गेली तेव्हा हाच माणूस फोनवर ‘बरं’ म्हणाला होता आणि कबरस्तानात पोचला तो सगळ्यांची माती देऊन झाल्यावर. या दोन फोनांमध्ये एवढं अंतर का पडलं, ते सांगायला मावशीनं मला जिवंतपणी बंदी केली होती. आता ती गेली, महिना होत आला, म्हणून लिहायला बसले आहे.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. माहेर तिसगावचं. ट्रेनिंग करून ती शेवगावला प्राथमिक शाळेत लागली आणि तिथलीच झाली. बुटकी, काळी, आवाज असा की मैदानाच्या टोकाला असलेलं पोरगंसुद्धा जागच्या जागी उभं राहावं. वर्गात शुद्ध बोलायची, आमच्या घराचा उंबरा ओलांडला की तिसगावची व्हायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली की एक पत्र्याची ट्रंक आणि पितळेचा फिरकीचा तांब्या घेऊन ती नगरला आमच्याकडे उतरे. जाड पितळ, वर फिरवून बसवायचं झाकण, धरायला कडी. प्रवासात पाणी न्यायला तेव्हा घरोघर असे तांब्ये असत. मावशीचा भरला की मला एका हातानं उचलवत नसे.

आमचे पपा शाळेत गणित शिकवायचे, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला पेटी वाजवायचे आणि घरी मारायचे. तिन्ही गोष्टी सारख्याच नेमानं. मे महिन्यात शनिवारी सहल ठरलेली असे. कधी डोंगरगण, कधी चांदबिबीचा महाल, पुढं राहुरीकडं मुळा धरण झालं तेव्हा धरणावर. शेजारपाजारचे कौतुक करत, मास्तर मुलांना किती फिरवतात म्हणून. घरात मारलं तर भिंतीपलीकडं ऐकू जातं आणि माळावर जात नाही, हे मला फार उशिरा उमगलं. त्या वयात आम्हा दोघांना एवढंच ठाऊक होतं की सहल म्हणजे पुऱ्या, सुकं मटण आणि मार, बहुधा याच क्रमानं. आई आदल्या दिवशी पुऱ्यांचं पीठ मळायला घ्यायची तेव्हाच विलासच्या पोटात दुखायला लागायचं.

जेवणाआधी पपा प्रार्थना करत. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि ‘आमेन’ होईपर्यंत डोळेही उघडायचे नाहीत आणि तोंडही नाही. सगळ्याच ख्रिस्ती घरांतली ही साधी रीत, आमच्याकडं तिचा कायदा झाला होता. त्यात पपांची प्रार्थना लांबलचक. डोंगरगणला एकदा आम्ही असे डोळे मिटून बसलो असताना एका कुत्र्यानं मटणाचा डबाच ओढून नेला. आमेन झालं, डोळे उघडले, डबा नाही. पपांनी विचारलं, कुणी पाहिलं? विलास तेव्हा पहिलीत होता. तो खरं बोलला, मी पाहिलं म्हणाला. प्रार्थनेत डोळे उघडले म्हणून त्याला एक थोबाडीत बसली, आणि पाहूनही गप्प बसला म्हणून दुसरी. तो ओरडला असता तर प्रार्थनेत बोलला म्हणून बसली असती. दुसरी डाव्या कानावर बसली. विलास कोलमडून पडला, कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली आणि तो वेड्यासारखा त्याच कानावर स्वतःच बुक्क्या मारायला लागला. आईनं त्याचे हात धरले. पपांनी उरलेल्या पुऱ्या चहाबरोबर खाल्ल्या. डॉक्टरांनी पडदा फाटला म्हणून सांगितलं. “हा कान गेला. आता दुसरा सांभाळा,” असं ते आईला म्हणाले. मी तिथंच उभी होते. आईनं मान हलवली, पदर डोक्यावरून पुढं घेतला आणि विलासला उचललं.

त्यानंतरचा उन्हाळा दुष्काळाचा होता. राहुरीच्या रस्त्याला बायाबापे उन्हात बसून खडी फोडत होते, त्यांच्या हातोड्यांचा आवाज यष्टीच्या खिडकीतून आत येत होता. आईनं पुऱ्यांचा डबा पदराखाली झाकून घेतला. शेजारी मावशी भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बसली होती. धरणाचं पाणी लांब आत गेलं होतं आणि काठाला नुसता गाळ, वरून वाळलेला, खालून ओला. विलास धावला. पायात नवीन सँडल होत्या, त्यातली एक गाळानं ओढून घेतली. पपांनी हात घालून पाहिला, कोपरापर्यंत गाळ लागला, सँडल मिळाली नाही. ते ओरडले नाहीत. त्यांनी हात पुसले, कमरेचा पट्टा काढला, नीट दुमडून डब्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, “जेवण गार होतंय. प्रार्थना झाली की बघू.” विलासला त्यांनी आपल्या डाव्या हाताशी बसवलं, म्हणजे त्याचा उरलेला कान त्यांच्या बाजूला आला. तो कान मुठीत धरला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

ती प्रार्थना सुंदर होती, हे मला आजही कबूल करावं लागतं. खडी फोडणाऱ्यांसाठी, ज्यांच्या चुली थंड आहेत त्यांच्यासाठी, जनावरांसाठी, आभाळासाठी... एकेका वाक्यागणिक त्यांची मूठ पिळत चालली होती आणि विलासचं डोकं त्या मुठीमागं वर उचललं जात होतं. त्याचे डोळे मात्र गच्च मिटलेले, मागच्या वर्षी शिकला होता ना. मी डोळे उघडले. समोर आईचेही उघडे होते. ती पपांकडं बघत नव्हती, त्या कानाकडं बघत होती. ‘या लेकरांना आज्ञाधारकपणा दे’ असं पपा म्हणाले आणि आई उठली. तिनं मावशीचा भरलेला तांब्या कडीला धरून उचलला, दोन पावलं मागून गेली आणि उजव्या हातानं पपांच्या डोक्यात घातला.

आवाज फार मोठा नव्हता. नारळ फोडताना पहिला घाव नीट बसत नाही, तसा. पपा पुढं डब्यावर पडले. रक्त आधी आलंच नाही, मग एकदम आलं, पुऱ्यांवर, विलासच्या शर्टावर. मावशीनं तेव्हा कुठं डोळे उघडले. तिचे खरोखर मिटलेले होते, तिची श्रद्धा खरी होती. तिनं आईकडं पाहिलं, तांब्याकडं पाहिलं, झटक्यात उठून तो आईच्या हातातून काढून घेतला आणि खांद्याला धरून आईला खाली बसवलं. पपा वळून वर बघेपर्यंत आणि विलास डोळे उघडेपर्यंत, हातात तांब्या घेऊन मावशी उभी होती.

“मी मारलं दाजी,” ती म्हणाली. “अन् पोराच्या त्या कानाला हात लावाल तर परत मारीन.”

पपा उठले. रक्त डोळ्यांत उतरत होतं, ते त्यांनी बाहीनं पुसलं आणि पट्टा उचलला. बक्कलाच्या बाजूनं मारत होते. मावशी हलली नाही. पहिल्या फटक्यानं भुवई फुटली, पुढच्या कुठल्यातरी फटक्यानं दात पडला, तो तिनं जिभेनं चाचपला आणि थुंकून टाकला. आई काहीतरी बोलायला उठली तेव्हा मावशी तोंडात रक्त असतानाच म्हणाली, “आक्का, बस खाली.” एवढंच. आई बसली. पपांना चक्कर आली आणि तेही बसले. मग मावशीनं तांब्यात उरलेलं पाणी त्यांच्या जखमेवर ओतलं, शेवटच्या घोटानं स्वतःचं तोंड धुतलं, आणि आम्ही जेवलो. रक्त लागलेल्या पुऱ्या बाजूला काढून जेवलो. प्रार्थना तशीच राहिली, आमेन कुणी म्हणालंच नाही.

परतीच्या यष्टीत कंडक्टरनं विचारलं तेव्हा आईनं खडकावर पडले म्हणून सांगितलं, दोघंही. पण गोष्ट राहते थोडीच. देवळाच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मावशीला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर पपांची क्षमा मागायला लावली. तिनं मागितली. तिचं लग्न ठरलं होतं, मुलगा संगमनेरचा, तोही मास्तर. पपा डोक्याला पट्टी बांधलेली असतानाच संगमनेरला जाऊन आले आणि मुलीच्या डोक्यात फरक आहे असं सांगून आले. डोक्याची पट्टी पाहिल्यावर त्या लोकांना आणखी पुरावा कशाला हवा होता. लग्न मोडलं. मावशीला पुन्हा कुणी विचारलं नाही, तिनंही कुणाला विचारू दिलं नाही.

पुढच्या मे महिन्यात ती येणार नाही अशी आमची खात्री होती. ती आली. ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाली, उद्या धरणावर जाऊ. न जावं तर भ्याल्यासारखं दिसलं असतं, म्हणून पपा आले. पोचा पडलेला तांब्या काठोकाठ भरून मावशीनं आपल्या उजव्या हाताशी ठेवला आणि डोळे मिटले. त्या दिवसापासून पपांनी प्रार्थनेत कधी डोळे मिटले नाहीत, आणि प्रार्थना दोन वाक्यांवर आली. हे आठवून मी आणि मावशी पुढं पोट धरून हसत असू. पपा सुधारले असं मात्र कुणी समजू नये. आईला ते मारत राहिले, मलाही. विलासच्या कानाला त्यांचा हात पुन्हा लागला नाही.

विलाससाठी मावशी म्हणजे देवदूत. पहिल्या पगाराची साडी तिला, मुलीचं नाव तिचं, दर महिन्याला शेवगावची फेरी. आणि आईबद्दल एकच वाक्य, “आई नुसती बसून होती.” तो हे आईसमोरही म्हणायचा. आई ऐकायची आणि हातातलं काम चालू ठेवायची. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटे. आई दर सुट्टीत मावशीचा तांब्या मागून घ्यायची, चिंच लावून घासायची आणि त्या पोच्यात बोट घालून तिथला काळेपणा काढायची. विलास म्हणायचा, दुसऱ्याचा पराक्रम घासायला हिला बरं जमतं.

पपा वारले त्याच्या पुढच्या वर्षी मी शेवगावला मावशीकडं गेले होते. शेंगा फोडत बसलो होतो. मी म्हणाले, मावशी, त्या दिवशी माझे डोळे उघडे होते. तिनं शेंगा फोडणं थांबवलं नाही.

“मला ठाऊक हाय. डोळं उघडलं तवाच बघितलं हुतं मी तुला.”

मग तू का घेतलंस स्वतःवर, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नसावा असं तिनं माझ्याकडं पाहिलं.

“आक्काला त्याच घरात परत जायचं हुतं. मला शेवगावची यष्टी हुती.”

मग आता तरी विलासला सांगू या, पपा गेले, आई अजून आहे, असं मी म्हणाले. मावशी टरफलांचा ढीग हातानं सारखा करत राहिली. मग म्हणाली, “आक्कानंच सांगू दिलं न्हाई. म्हणली, माझ्यापायी तुझं लगीन मोडलं, पोरगा तरी तुझा ऱ्हाऊ दे.” आणि जरा थांबून, माझ्याकडं न बघता, “अन् आता मला बी सोडवत न्हाई गं. मी गेल्यावर सांग त्याला.”

मला त्या क्षणी तिचा राग आला होता आणि अजूनही थोडा आहे. आई त्यानंतर तीन-चार वर्षांनी गेली, ते ‘बरं’ ऐकून मी फोन आपटला होता. पण ज्या बाईनं दात, भुवई आणि संसार असं सगळं एका दुपारी देऊन टाकलं, तिच्या ओंजळीतलं उरलेलं एकच काढून घ्यायला माझा हात धजला नाही.

मातीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं मावशीच्या खोलीत बसलो होतो. तांब्या फळीवर होता. विलासनं तो खाली घेतला, हा मी नेणार म्हणाला, हिनंच मला वाचवलं. मी सांगितलं. जसं झालं तसं, वर लिहिलं आहे तसं. त्यानं ऐकून घेतलं, उजवा कान माझ्याकडं वळवला आणि परत सांग म्हणाला. मी परत सांगितलं. त्यानं तांब्याच्या पोच्यात बोट घातलं, आई घालायची तसंच. मग त्यानं तांब्या खाली ठेवला आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग दुसरी, मग हात थांबेचना, साठीला आलेला माणूस दोन्ही हातांनी स्वतःला मारत होता आणि ओठ फुटून रक्त आलं होतं. मी त्याच्या अंगावर पडून त्याचे हात धरले.

“त्या कानाला हात लावू नकोस,” मी ओरडले. आवाज मावशीचा निघाला.

तांब्या विलासनं नेला नाही. तुझ्याकडंच ठेव म्हणाला. आता रविवारी तो जेवायला येतो. प्रार्थना तोच करतो, दोन वाक्यांची, डोळे मिटून. मी मिटत नाही. भरलेला तांब्या उजव्या हाताशी ठेवते आणि आमेन होईपर्यंत त्याच्या कानाकडं बघत राहते.