गोंद्याची रजा

साखरेच्या गिरणीच्या अंगणात फ्रेंच साहेबाने छडीच्या टोकाने माझा फेटा उडवला. समोर सारी टोळी कोयते घेऊन उभी होती. "तुझी जीभ माझ्या भातावर पोसलीय," तो क्रेओलमध्ये, त्या बेटाच्या बोलीत, म्हणाला. "उद्या कोर्टात ती माझंच बोलेल. सांग यांना." नव्या माणसांना क्रेओल येत नव्हते. माझ्याच अपमानाचे मराठी मीच केले. एक शब्दही न गाळता.

ग्रां बुआच्या त्या उसाच्या मळ्यावर मी दुभाषा होतो; मजूर मला सरदार म्हणत. मुंबईत एका इंग्रजाकडे बटलरकी करताना थोडी इंग्रजी शिकलो होतो. त्यातला 'लीव्ह' मला फार आवडे. रजा म्हणजे लीव्ह. निघून जाणे म्हणजे लीव्ह. मागे सोडून देणे, तेही लीव्ह. एवढे जाणतो म्हणून मी ताठ चालायचो.

त्याआधीच्या आठवड्यात टोळीतल्या गोंद्याचा भाऊ कार्तिए मिलितेर गावी तापाने पडला होता. गोंद्याने रजा मागितली. साहेब "जा" म्हणाला. ते मीच गोंद्याला सांगितले. मळ्याबाहेर जायला लागणारी चिठ्ठी साहेबाने दिली नाही, मी मागितली नाही. वाटेत शिपायांनी गोंद्याला धरले. पळालेला मजूर म्हणून.

कोर्टात मॅजिस्ट्रेट इंग्रज. त्याने विचारले, लीव्ह घेतली होती का? मी मराठीत विचारले. गोंदा हसलाच.

"असं काय इचारता, सरदार? तुमच्याच तोंडून तर गावली."

मागच्या बाकावर साहेब बसला होता. मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो, न विचारता गेलो."

गोंद्याला काय कळणार? माझ्यावर भरवसा ठेवून त्याने जोरात मान डोलावली.

चौदा दिवस खडी फोडायची शिक्षा झाली. तिसऱ्या दिवशी भाऊ गेला. तो निरोप घेऊन तुरुंगात मीच गेलो. गोंद्याने हातातला हातोडा खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही नीटच सांगितलं असणार. त्या गोऱ्यालाच उमगलं नसंल. पुन्यांदा सांगून बघता?"

मी घाबरलो होतो, हे खरे. पण कोर्टातले ते वाक्य भीतीने रचले नाही. मी रचले. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारा मी एकटाच होतो, पकडणारे कोणी नव्हते, हे मला पक्के ठाऊक होते.

तुरुंगाच्या दारातून मी मळ्याकडे परतलो नाही. सरळ कचेरीत गेलो. खोटे सांगितले म्हणून मलाही आत घालतील, हे कळत होते.

"त्या माणसाला रजा होती," मी मॅजिस्ट्रेटला म्हणालो. "मी खोटं सांगितलं."

त्याने मान वर केली. "हे कोणाच्या वतीनं बोलतोस?"

"कोणाच्याच नाही. हे माझं आहे. लिहून घ्या."